सतरा वर्षांनंतर : इंडस क्रीडचें ‘इव्हॉल्व्ह’

कलावंताच्या कृतीविषयीं लिहिणें टीकाकाराला फारसें अवघड नसतें. त्याच्या मौनाविषयीं लिहिणें मात्र अवघड असतें. कृति समोर असते, तिच्यावर बोट ठेवून ‘हें साधलें, हें फसलें’ असें सांगतां येतें. मौनाचें तसें नाहीं. गायक गाईनासा झाला, कवि लिहीनासा झाला, म्हणजे रसिक त्या पोकळींत आपापल्या मनांतला अर्थ भरीत बसतात. कोणी म्हणतो, त्याचें सांगणें संपलें होतें. कोणी म्हणतो, काळानें त्याचा गळा दाबला. कोणी आपसांतल्या भांडणांच्या कहाण्या सांगतो. आणि दहापंधरा वर्षांनीं तोच कलावंत पुन्हां पुढें येऊन उभा राहिला कीं त्याची नवी कृति कोणी ऐकतच नाहीं. आपण त्याच्या मौनाला दिलेला अर्थ खरा ठरला कीं खोटा, एवढेंच जो तो पाहतो. मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ या रॉक वाद्यमंडळीच्या ‘इव्हॉल्व्ह’ या २०१२ सालच्या ध्वनिमुद्रिकेच्या वांट्याला असेंच कांहींसें आलें, असें मला वाटतें. कौतुक झालें तें ‘जुने परत आले’ म्हणून, आणि नाकें मुरडलीं गेलीं तींही ‘हे जुने नव्हेत’ म्हणून. त्या ध्वनिमुद्रिकेंत आहे काय, हें पाहण्याचें काम बरेंचसें राहूनच गेलें. तें येथें करून पाहावयाचें आहे.

या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांना ‘रॉक’ हा विषय परका वाटेल, हें मी जाणून आहें. आमच्या शिरवळसारख्या नीरेकांठच्या गांवांत ‘बँड’ म्हटलें म्हणजे वरातीपुढें क्लॅरिनेट व ट्रंपेट वाजवीत चालणारी लाल कोटांतली मंडळी डोळ्यांसमोर येते. आणि अलीकडे तीही मागें पडून तिची जागा भिंतीएवढ्या कर्ण्यांनीं घेतली आहे. मी ज्या मंडळीविषयीं लिहीत आहें ती या अर्थानें बँड नव्हे. चारपांच माणसांनीं एकत्र बसून गाणें रचावें, चाल व शब्द स्वतःच करावे, विजेवर चालणारी गिटार, बास गिटार, कीबोर्ड व ड्रम्स हीं वाद्यें स्वतःच वाजवावीं आणि त्यांतल्याच एकानें तें गावें, अशी ही संस्था आहे. आपल्याकडे कवि वेगळा, चाल लावणारा वेगळा, गाणारा वेगळा आणि साथीदार तर बहुधा अनामिक! त्यामुळें रॉक मंडळी फुटते तेव्हां नुसता एक गायक जात नाहीं. एक सामुदायिक कविच नाहींसा होतो. तमाशाच्या फडाशीं तिची तुलना थोडीफार होऊं शकेल; परंतु फडाला मालक असतो, आणि येथें मालक कोण, यावरूनच बहुतेक मंडळ्या फुटतात.

ही मंडळी १९८४ मध्यें मुंबईंत ‘रॉक मशीन’ या नांवानें उभी राहिली. त्या काळीं कॉलेजांच्या संमेलनांतून व जलशांतून अशा मंडळ्या पुष्कळ होत्या. पण इंग्लंड-अमेरिकेंतल्या मंडळींचीं गाणीं हुबेहूब वाजवून दाखविणें हीच कौशल्याची परिसीमा मानली जात असे. श्रोतेही तेंच मागत. ओळखीचें गाणें सोडून कोणी स्वतःचें म्हणूं लागला कीं हुल्लड ठरलेली. ज्या रंगभवनांत, धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या पाठीमागें, ‘इंडिपेंडन्स रॉक’चा जलसा १९८६ पासून भरूं लागला, तेथलाही श्रोतृवर्ग प्रथम याच वळणाचा होता. अशा वातावरणांत ‘रॉक मशीन’नें १९८८ मध्यें ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. नांवाचा अर्थ बंडखोर. बंड अमेरिकेकडून उसनें घेतलेलें, चालींचें वळण तिकडचें, उच्चारसुद्धां बरेचसे तिकडचे; पण ‘आम्ही दुसऱ्याचें वाजविणार नाहीं’ हा त्यांतला हट्ट मात्र अस्सल होता, आणि तोच या मंडळीचा पहिला व सर्वांत टिकाऊ पराक्रम होय. १९९० मध्यें दुसरी ध्वनिमुद्रिका आली, ‘द सेकंड कमिंग’. येट्सच्या एका प्रसिद्ध कवितेचें तेंच नांव असल्यामुळें माझ्यासारख्या इंग्रजीच्या मास्तरानें कान टवकारले तर नवल नाहीं. परंतु त्या दोहोंचा संबंध नांवापुरताच. खरें ‘दुसरें आगमन’ त्यांना बावीस वर्षांनीं करावें लागलें, ही गोष्ट वेगळी.

या दुसऱ्या संग्रहांतल्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला १९९३ मध्यें अमेरिकन एम् टी व्ही वाहिनीचा आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीं मंडळीनें नांव बदललें. ‘यंत्रा’चा त्याग करून तिनें ‘सिंधु’चा आश्रय घेतला. (मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला ‘सिंधु’ म्हटल्यावर नदीच्या आधीं ‘एकच प्याला’मधली सोशिक गृहिणी आठवते, त्याला इलाज नाहीं.) १९९५ मध्यें ‘इंडस क्रीड’ याच नांवाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्यांत भारतीय वाद्यांचे व तालांचे रंग मिसळूं लागले. उदय बेनेगल हे गायक, महेश तिनईकर व जयेश गांधी हे गिटारवादक, झुबिन बालापोरिया हे कीबोर्डवादक, मार्क सेल्विन बास गिटारवर आणि मार्क मेनेझिस ड्रम्सवर : सारस्वत, गुजराती, पारशी, ख्रिस्ती अशी ही नांवें एका ओळींत वाचलीं कीं मुंबई शहराची एक जुनी, आतां विरळ होत चाललेली ओळख मनांत उभी राहते. १९९७ मध्यें ही मंडळी पांगली.

कां पांगली, याची घरगुती कारणें शोधीत बसण्यांत मला रस नाहीं. अशी मंडळी तेरा वर्षें टिकली, हेंच आश्चर्य. पण त्यांच्या पायाखालची जमीन त्याच सुमारास सरकली होती, ही गोष्ट सार्वजनिक आहे आणि तिचा विचार केला पाहिजे. १९९१ नंतर उपग्रहाच्या वाहिन्या देशांत आल्या आणि प्रथम त्यांनीं इंग्रजी गाण्याला घर मिळवून दिलें. मुंबईच्या कांहीं तरुणांना ‘आतां जगाचें दार उघडलें’ असें वाटणें स्वाभाविक होतें. दार उघडलें हें खरें. पण उघडल्यावर आंत शिरले ते दुसरेच. वाहिन्यांनीं लवकरच ओळखलें कीं या देशांत पैसा हिंदींत आहे. बाबा सेहगल १९९२ मध्येंच गाजून गेले होते. १९९५ मध्यें अलिशा चिनॉय यांचें ‘मेड इन इंडिया’ घरोघर पोंचलें. १९९६ नंतर एम् टी व्हीनें भारतांत आपलें रूपच बदललें आणि हिंदी चित्रपटाचीं गाणीं दाखविण्यास सुरुवात केली. ज्या खिडकींतून इंडस क्रीडला लोकांनीं पाहिलें होतें ती खिडकीच बंद झाली. पुढें रंगभवनही शांतता-क्षेत्राच्या नियमांमुळें मुकें झालें. इंग्रजींत गाणाऱ्या भारतीय मंडळीला रेडिओ नव्हता, वाहिनी नव्हती, सभागृह नव्हतें. अशा स्थितींत मौन हा कलात्मक निर्णय असतो असें म्हणणें म्हणजे दुष्काळांत उपाशी राहिलेल्याला व्रतस्थ म्हणण्यासारखें आहे.

बेनेगल व गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तेथें त्यांनीं ‘आम्स फॉर शांति’ नांवाची दुसरी मंडळी काढली. बाकीचे आपापल्या वाटेनें गेले. २०१० मध्यें जुन्यांपैकीं तिघे, म्हणजे बेनेगल, तिनईकर व बालापोरिया, पुन्हां एकत्र आले. बास गिटारवर रुशाद मिस्त्री व ड्रम्सवर जय राव कवि हे पुढच्या पिढीचे दोन तरुण आले. आणि दोन वर्षांनीं ‘इव्हॉल्व्ह’ निघालें. या मधल्या काळांत पुन्हां जमीन बदलली होती. लोअर परळच्या तोडी मिलच्या आवारांत २००७ मध्यें ‘ब्लू फ्रॉग’ नांवाचें गाण्याचें ठिकाण निघालें होतें (तें २०१६ मध्यें बंद झालें). १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे थांबले, त्यांच्याच आवारांत आतां गिटारचे ध्वनिवर्धक गरजूं लागले. आमच्यापासून जेमतेम तासाच्या वाटेवर, पुण्यास, २०१० पासून ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा उत्सव भरूं लागला. म्हणजे ज्या श्रोत्यासाठीं ही मंडळी तेरा वर्षें झटली तो श्रोता, ती नसतांना, जन्माला आला होता. त्याला ‘रॉक मशीन’ हें नांव बहुधा थोरल्या भावाच्या तोंडूनच माहीत होतें.

आतां प्रश्न असा, कीं दीर्घकाळानें परत येणाऱ्या कलावंताकडे आपण काय मागावें? आपल्या संगीताच्या इतिहासांत अशीं दोन पुनरागमनें आहेत, आणि दोन्ही गंधर्वांचीं. बालगंधर्व १९३५ मध्यें नाटक बाजूस ठेवून प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटांत एकनाथ झाले, आणि तो मार्ग आपला नव्हे असें पाहून पुन्हां रंगभूमीवर आले. आले ते भामिनी व रुक्मिणी यांच्याच वेषांत. वय वाढलें, देह थकला, पण लोकांनीं मागितलें तें त्यांनीं दिलें, आणि लोकांनीं मागितलें तें स्मृतीचें प्रत्यंतर. तें गाणें शेवटपर्यंत गोड होतें असें जाणते सांगतात. पण तें ऐकतांना डोळे मिटून घ्यावे लागत, हेंही तेच सांगतात. दुसरें उदाहरण कुमार गंधर्वांचें. १९४७ च्या सुमारास क्षयानें त्यांना गांठलें, देवासला अंथरुणाला खिळून वर्षांमागून वर्षें गेलीं, आणि १९५३ मध्यें ते पुन्हां मैफलींत बसले तेव्हां बाल-कुमारांचें तें विस्मयकारक अनुकरणकौशल्य मागें राहिलें होतें. दम तुटक, स्वरवाक्यें लहान, आणि खाटेवर पडल्या पडल्या कानांवर आलेल्या माळव्यांतल्या लोकगीतांचे सूर त्यांत मुरलेले. कित्येक रसिकांना हें मानवलें नाहीं. ज्यांना मानवलें त्यांच्या लक्षांत आलें कीं आजारानें गाणें थांबविलें नव्हतें, तें आंतल्या आंत बदलविलें होतें. पहिल्या गंधर्वाच्या मौनानें कलेंत कांहीं घातलें नाहीं. दुसऱ्याच्या मौनानें कला घडविली.

ही तुलना फार ताणूं नये. एका रॉक मंडळीला गंधर्वांच्या शेजारीं बसविल्याबद्दल कांहीं वाचक मजवर रागावतील, आणि रॉकचे भोक्ते तर हसतीलच. पण ‘इव्हॉल्व्ह’ ऐकतांना मला विचारावासा वाटला तो प्रश्न हाच होता : मधल्या पंधरा वर्षांनीं या गाण्यांत काय घातलें आहे?

पहिलें उत्तर समाधानकारक आहे. नांवाप्रमाणें ही ध्वनिमुद्रिका खरोखरच पुढें सरकलेली आहे. जुन्या गाण्यांची पुन्हां मांडलेली आरास ती नव्हे. जगांत असल्या आराशी कमी नाहींत. इंग्लंड-अमेरिकेंतल्या किती तरी मंडळ्या म्हातारपणीं एकत्र येऊन जुन्या गाण्यांवर जलशांचे दौरे काढतात, आणि नवी ध्वनिमुद्रिका काढतात ती दौऱ्याची जाहिरात म्हणून. स्वीडनच्या ‘आबा’नें १९८१ नंतर चाळीस वर्षांनीं, २०२१ मध्यें, ‘व्हॉयेज’ काढलें, तेंही असें मोजून-मापून जुन्या गोडव्यांत बुडविलेलें होतें. गायक-गायिका स्वतः रंगमंचावर न येतां त्यांच्या तरुणपणच्या छायाप्रतिमा लंडनमध्यें नाचूं लागल्या, यांतच त्या पुनरागमनाचें मर्म आलें! इंडस क्रीडनें तो मोह टाळला, ही गोष्ट लहान नाहीं. कारण ‘टॉप ऑफ द रॉक’ पुन्हां एकदां म्हटलें असतें तरी चाळिशींत शिरलेले जुने श्रोते आनंदानें नाचले असते.

आठच गाणीं आहेत, आणि तीं ऐसपैस आहेत. पहिलेंच गाणें ‘फायरफ्लाइज’, म्हणजे काजवे. तें आणि ‘टॉप ऑफ द रॉक’ अशीं लागोपाठ ऐकावीं. माणूस तोच, पण उभा कोठें आहे तें पाहावें. जुनें गाणें मैदानांतल्या हजार तोंडांसाठीं रचलेलें. त्याचा कळस श्रोत्यांनीं ओरडून पुरा करावयाचा. नवें गाणें एकट्यानें ऐकावयाचें आहे. त्याला घाई नाहीं. गिटारवादक पूर्वीं संधि मिळेल तेथें आपली बोटें किती चपळ आहेत हें दाखवीत असे. तो आतां थांबतो, एकाच सुराला रेंगाळूं देतो, कीबोर्डला जागा करून देतो. तिनईकरांची ही नवी मितभाषिता मला या ध्वनिमुद्रिकेंतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. तरुणपणीं वक्तृत्व सुचतें, बोलणें पुढें सुचतें. बेनेगल यांचा आवाज आश्चर्य वाटावें इतका शाबूत आहे. पण तोही आतां टिपेला जाण्याची संधि शोधीत फिरत नाहीं. नवे दोघे वादक मुळींच ‘बदली’चे वाटत नाहींत. ताल पूर्वीं गाण्याला ढकलीत असे; आतां तो त्याला वळणें देतो. ‘डिझॉल्व्ह’ या दुसऱ्या गाण्यांत हें विशेष जाणवतें.

ध्वनीच्या सफाईविषयीं मात्र माझी थोडी तक्रार आहे. मुद्रणाचें अंतिम मिश्रण टिम पामर या नामांकित इंग्रज तंत्रज्ञानें केलें; १९९१ मध्यें ‘पर्ल जॅम’ या अमेरिकन मंडळीच्या ‘टेन’ या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेचेंही मिश्रण त्यांचेंच होतें. काम निर्दोष आहे. प्रत्येक वाद्य आपापल्या जागीं, प्रत्येक सूर धुतल्या तांदळासारखा. परंतु १९८८ च्या त्या पहिल्या ओबडधोबड मुद्रणांत एक खोली ऐकूं येत असे, तिच्यांत सहा माणसें दाटीवाटीनें उभीं आहेत असें वाटे. येथें ती खोली नाहीं. हें गाणें जगांतल्या कोणत्याही उत्तम मुद्रणगृहांतून बाहेर पडलें असतें. आणि येथून मी माझ्या खऱ्या आक्षेपाकडे येतों.

गेल्या वर्षीं ही ध्वनिमुद्रिका मीं माझ्या कांहीं विद्यार्थ्यांना ऐकविली. शिरवळ व आसपासच्या वाडीवस्तीवरचीं हीं मुलें. कोणाचे वडील शेती करतात, कोणाचे येथल्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जातात. इंग्रजी त्यांना परीक्षेपुरतें येतें. गाण्यांतलें तर निम्मेंही कळत नाहीं. तीं मान डोलवीत होतीं, ताल त्यांना लगेच भिडला. संपल्यावर एकानें विचारलें, “सर, हे लोक आपल्या मुंबईचेच ना? मग गाण्यांत मुंबई कुठें आहे?” मीं त्याला उत्तर दिलें नाहीं, शब्द हातीं देऊन ‘शोधून काढ’ म्हणालों. दुसऱ्या दिवशीं तो म्हणाला, “नाहीं सांपडली, सर.”

त्याच्या प्रश्नाला एक सोपें उत्तर आहे आणि तें मराठी लेखक वारंवार देतात : परकी भाषा घेतली म्हणजे परकें गाणेंच येणार. मी स्वतः इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरतों, म्हणून नव्हे, पण हें उत्तर मला मान्य नाहीं. १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ निघालें; त्याही आधींपासून इंग्रजी त्या शहरांत शिकविली, बोलली व लिहिली जात आहे, आणि कित्येक घरांत ती पिढ्यान् पिढ्या चुलीपाशीं बोलली जाते. ज्याची भांडणें व प्रेमें इंग्रजींत होतात त्यानें गाणें मात्र मराठींत किंवा हिंदींत करावें, हा हुकूम कोणत्या न्यायाचा? शिवाय शिरवळाहून फार दूर नसलेली जेजुरी हेंच याचें सडेतोड उत्तर आहे. अरुण कोलटकरांची इंग्रजींत लिहिलेली ‘जेजुरी’ १९७६ मध्यें पुस्तकरूपानें निघाली. तिच्यांत पडकें देऊळ आहे, एस.टी. आहे, पुजारी आहे, कुत्रा आहे; आणि ती वाचतांना भाषा इंग्रजी आहे हें चार ओळींनंतर ध्यानांतही राहत नाहीं. कोलटकरांना स्वतःला रॉकचें वेड होतें, त्यांनीं गाणींही रचलीं होतीं. भाषा अडवीत नाहीं. अडवितें तें दुसरेंच कांहीं.

‘इव्हॉल्व्ह’च्या गाण्यांचीं नांवेंच पाहा. ‘डिझॉल्व्ह’, ‘द मनी’, ‘टेक इट हार्डर’, ‘नो डिस्ग्रेस’, ‘गुडबाय’ : विरघळणें, पैसा, सोसणें, अप्रतिष्ठा, निरोप. एक ‘काजवे’ सोडले तर हाताला लागेल अशी वस्तु नाहीं. एखादें स्थळ नाहीं, एखाद्या माणसाचें नांव नाहीं. आणि काजवे तरी कोठले? मृगाच्या आधीं भंडारदऱ्याच्या झाडांवर जे लाखांनीं लुकलुकतात ते, कीं पुस्तकांतले? ‘द मनी’ या गाण्याचा विषय पैसा आहे. पैशाविषयीं गाण्याचा अधिकार या मंडळीइतका कोणाला असेल? मुंबईच्या गिरण्या बंद पडून त्यांचे मनोरे होतांना त्यांनीं पाहिलें, वाहिन्यांनीं आपल्याला उचललें व टाकलें हें सोसलें, दुसऱ्याच्या देशांत जाऊन पुन्हां पहिल्यापासून सुरुवात केली. हें सगळें त्या गाण्याच्या मागें असेल. गाण्यांत तें नाहीं. गाण्यांतला पैसा न्यूयॉर्कचाही असूं शकेल, टोकियोचाही. तालाला नेट आहे, आवाजांत त्वेष आहे, आणि तो त्वेष कोणावर, हें मात्र कळत नाहीं.

येथें १९९५ च्या संग्रहाची आठवण होते. तेव्हां मंडळीनें भारतीय वाद्यांचा व तालांचा साज चढविला होता. २०१२ मध्यें तो बहुतेक उतरवून ठेवला, आणि तें योग्यच केलें. गिटारच्या शेजारीं तबला ठेवल्यानें गाणें भारतीय होत नाहीं, जसें कादंबरींत चार वेळां तुळशीवृंदावन आणल्यानें ती मराठी होत नाहीं. परदेशी प्रेक्षकाला ओळख पटावी म्हणून लावलेलें तें कुंकू होतें. दागिने उतरविण्याचें धैर्य या मंडळीनें दाखविलें. परंतु दागिन्यांखालचा जो देह दिसावयाचा, ज्याच्यावर मुंबईच्या घामाचे व पावसाचे डाग असावयाचे, तो पुरता दिसत नाहीं. सफाईनें तो झांकला आहे. मौनानें या माणसांना संयम शिकविला, कारागिरी शिकविली. आपण कोण व कोठले, हें बोलून दाखविण्याचा धीटपणा मात्र दिला नाहीं, किंवा दिला असल्यास तो त्यांनीं वापरला नाहीं.

या संदर्भांत कलकत्त्याच्या ‘मोहीनेर घोडागुलि’ या मंडळीची हकीकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीं, ती सांगण्यासारखी आहे. गौतम चट्टोपाध्याय व त्यांच्या सोबत्यांनीं १९७५ च्या सुमारास ती काढली. नांव घेतलें जीवनानंद दासांच्या कवितेंतून. गाणीं बंगालींत, आणि त्यांत कलकत्ता शहर व बाउलांचे सूर एकत्र. तीन लहान ध्वनिमुद्रिका काढून १९८१ मध्यें मंडळी विरून गेली. त्या काळीं तिला कोणी विचारलें नव्हतें. १९९५ मध्यें चट्टोपाध्यायांनीं ‘आबार बछर कुडि परे’, म्हणजे ‘पुन्हां वीस वर्षांनंतर’, हा संग्रह काढला, आणि त्यांत आपलीं जुनीं गाणीं आळवीत न बसतां नव्या पोरांना गावयास लावलें. पुढचा बंगाली रॉक त्या संग्रहानें उभा केला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. चट्टोपाध्याय १९९९ मध्यें वारले. पण त्यांचीं गाणीं आजचीं बंगाली मुलें स्वतःचीं म्हणून गातात. त्या पुनरागमनाला मागें एक भाषा होती, एक गांव होतें, आणि म्हणून पुढें एक परंपरा झाली. इंडस क्रीडच्या वांट्याला आदर आला, परंपरा आली नाहीं. आतां मुंबईंतच ‘अभंग रीपोस्ट’सारखी मंडळी तुकोबा-नामदेवांचे अभंग गिटार-ड्रम्सवर म्हणते, आणि माझे विद्यार्थी तें मोठ्या आवडीनें ऐकतात. त्यांतलें सगळेंच मला रुचतें असें नाहीं. तुकोबांच्या शब्दांवर ड्रम्सचा मारा केला कीं जोर वाढतो, पण धार बोथट होते. परंतु त्या मुलांना ‘हें कोठलें?’ असा प्रश्न पडत नाहीं, एवढें खरें.

तरीहि इंडस क्रीडला यामुळें कमी लेखणें अन्यायाचें होईल. मराठी टीकेला एक खोड आहे : कलावंतानें जें केलें नाहीं त्याची यादी करून जें केलें त्याची किंमत ठरवावयाची. ज्या देशांत इंग्रजींत स्वतःचें गाणें रचणें हाच वेडेपणा समजला जाई त्या देशांत या माणसांनीं तो वेडेपणा दोनदां केला; दुसऱ्या वेळीं तर त्यापासून काय मिळतें व काय मिळत नाहीं हें पुरतें माहीत असून केला. तरुणपणींच्या धाडसाला अज्ञानाची मदत असते. चाळिशी उलटल्यावरच्या धाडसाला ती नसते.

‘गुडबाय’ हें शेवटचें गाणें. परत येऊन सादर केलेल्या ध्वनिमुद्रिकेचा शेवट निरोपानें करावा, यांत थोडा खोडकरपणा असेल. पण गाणें खोडकर नाहीं. तें लांबट आहे आणि मध्यें थोडें सैलही पडतें. मात्र त्यांत एक गोष्ट घडते जी आधींच्या सात गाण्यांत घडत नाहीं : वाद्यें एकमेकांचें ऐकत आहेत असें वाटूं लागतें, आणि त्या निर्दोष सफाईच्या पलीकडून, क्षणभर कां होईना, ती १९८८ मधली दाटीवाटीची खोली पुन्हां ऐकूं येते. आठांपैकीं माझ्या मतें ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’ व हें ‘गुडबाय’ अशीं तीन गाणीं टिकतील. ‘द मनी’ तालासाठीं ऐकावें, शब्दांसाठीं नव्हे. आणि बाकीचीं चार एकदां ऐकून बाजूस ठेवलीं तरी चालतील. ज्यांना रॉकची ओळखच नाहीं त्यांनीं शेवटच्या गाण्यापासून सुरुवात करावी, दिवा मालवून, आणि शक्य तर रात्रीं महामार्गावरची वर्दळ थोडी कमी झाल्यावर.